‘९०% सोसायट्या समाधानी’: लिफ्ट कंपनीचा दावा द्विपद वितरणाने कसा तपासायचा?

वजाबाकी

सोसायटीच्या लिफ्टचा एएमसी (वार्षिक देखभाल करार) यंदा दुसऱ्या कंपनीला द्यायचं घाटतंय. कंपनीच्या माहितीपत्रकावर ठळक छापलंय: ‘आमच्या ९०% सोसायट्या समाधानी’. कमिटीने त्यांच्याकडून ग्राहकांची यादी मागवून फोन केले. २० सोसायट्यांची उत्तरं मिळाली, त्यांत १५ समाधानी आणि ५ असमाधानी.

आता कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, १५ म्हणजे ७५%, दावा सरळसरळ खोटा. दुसरा म्हणतो, २० पैकी १८ हवे होते, १५ आले, तीन इकडचे तिकडे व्हायचेच. बारावीला द्विपद वितरण (ठरावीक वेळा विचारलेल्या हो-नाही प्रश्नाला किती ‘हो’ येतील याच्या शक्यता) शिकलेले तिघे कमिटीत आहेत आणि तिघांची उत्तरं वेगळी आहेत. कंपनी चांगली की वाईट याची चर्चा नको, आकडेमोड कशी करायची ते पायरीपायरीने सांगा.

नमुनेदार

पायरीपायरीने घ्या.

सुरुवातीला दावा खरा धरून चालायचं. म्हणजे कुठलीही एक सोसायटी उचलली तर ती असमाधानी निघण्याची शक्यता ०.१. समाधानी मोजण्यापेक्षा असमाधानी मोजा, आकडे लहान राहतात आणि चुका कमी होतात.

२० पैकी नेमक्या ५ असमाधानी निघण्याची शक्यता: २० मधून ५ निवडण्याचे प्रकार १५,५०४. त्याला ०.१ चा पाचवा घात आणि ०.९ चा पंधरावा घात यांनी गुणा. ०.९ चा पंधरावा घात ०.२०५९. उत्तर ०.०३१९.

साध्या कॅल्क्युलेटरवर सगळी ओळ काढायची असेल तर क्रमगुणितांच्या नादी लागू नका. ०.९ चा विसावा घात काढा: ०.१२१६. ही झाली शून्य असमाधानीची शक्यता. तिला २० ने गुणून ९ ने भागा, एक असमाधानीची मिळेल. तिला १९ ने गुणून २ ने आणि ९ ने भागा, दोनची मिळेल. मग १८ आणि ३, १७ आणि ४, असं पुढे. भागाकारातला ९ कायम राहतो, कारण ०.९ भागिले ०.१.

० असमाधानी: १२.२%
१: २७.०%
२: २८.५%
३: १९.०%
४: ९.०%
५: ३.२%
६ किंवा जास्त: १.१%

आता प्रश्न असा: दावा खरा असताना इतका वाईट किंवा याहून वाईट निकाल किती वेळा येईल? शेवटच्या दोन ओळींची बेरीज ४.३% (नेमकं ०.०४३२). ही तुमची पी-व्हॅल्यू. ५% ची सीमा आधी ठरवली असेल तर निकाल सीमेच्या आत येतो, म्हणजे दावा फेटाळायला जागा आहे. पण काठावरच. चार असमाधानी निघाले असते तर ही बेरीज १३.३% झाली असती आणि कोणी चकार शब्द काढला नसता.

शंकासुर

समाधानी १५ च निघाले ना? मग १४, १३, १२ यांना मध्ये कशाला ओढायचं? जे घडलंच नाही त्याची शक्यता का मिळवायची? ३.२% हेच उत्तर सरळ वाटतं.

नमुनेदार

कारण नेमक्या एका आकड्याची शक्यता नमुना मोठा झाला की आपोआप आक्रसते. १००० सोसायट्या विचारल्या आणि बरोब्बर ९०० समाधानी निघाल्या, तर दाव्याला याहून तंतोतंत निकाल नाही. तरी ‘नेमके ९००’ याची शक्यता फक्त ४.२% आहे. तुमच्या नियमाने तोही दावा फेटाळावा लागेल. म्हणून ‘इतका किंवा याहून टोकाचा’ अशी पूर्ण शेपूट मोजतात.

एकेका आकड्याची शक्यता उपयोगी पडते ती दोन दावे एकमेकांसमोर ठेवताना. तो वेगळा खेळ आहे, इथे कोणी काढला तर बोलू.

तिरकी_रेघ

इतकं कशाला? अपेक्षित समाधानी १८, प्रमाण विचलन (आकडा सरासरीभोवती साधारण किती हलतो ते) म्हणजे २० × ०.९ × ०.१ चं वर्गमूळ, १.३४. १५ हे १८ पेक्षा ३ ने कमी. झेड, म्हणजे ३ भागिले १.३४, = −२.२४. नॉर्मल वितरणाच्या (घंटेच्या आकाराच्या) तक्त्यातून १.३%. काठावर वगैरे काही नाही, दावा साफ पडला.

उभा_आडवा

तिरकी_रेघ, इथेच गाडी घसरते. नॉर्मलची नक्कल चालायला अपेक्षित यश आणि अपेक्षित अपयश दोन्ही किमान ५ लागतात, काही जण १० मागतात. इथे अपेक्षित असमाधानी फक्त २. वितरण एका बाजूला इतकं कललेलं आहे की समाधानीच्या बाजूला २० च्या पुढे जागाच नाही, आणि खालच्या बाजूची शेपूट लांब आहे. नॉर्मलची सममित घंटा त्या शेपटीला कमी मोजते. म्हणून ४.३ चे १.३ झाले.

अर्ध्याची दुरुस्ती लावून १५ ऐवजी १५.५ घेतलं तर झेड −१.८६ आणि उत्तर ३.१%. सुधारलं, तरी चूकच. ९०, ९५, ९८ असे दावे तपासताना नमुना काही शेकड्यांत नसेल तर झेडला हात लावू नका. हातात मोबाइल असताना नेमकं उत्तर निघतं, मग नक्कल कशासाठी?

रकाना

स्प्रेडशीटवाल्यांसाठी. एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हींत बायनॉम.डिस्ट हे फंक्शन आहे. चार गोष्टी क्रमाने द्यायच्या: यशांची संख्या, एकूण नमुना, दाव्यातली शक्यता, आणि ट्रू किंवा फॉल्स.

बायनॉम.डिस्ट(१५, २०, ०.९, ट्रू) दिलं की ०.०४३२ येतं. हे ‘१५ किंवा कमी’.
शेवटी फॉल्स दिलं की ०.०३१९ येतं. हे ‘नेमके १५’. कमिटीतल्या तिघांपैकी एक बहुधा इथे अडकलाय.

असमाधानी मोजणार असाल तर ‘५ किंवा जास्त’ हवंय, आणि फंक्शन नेहमी ‘इतके किंवा कमी’ देतं. म्हणून १ मधून ४ ची बेरीज वजा करायची, ५ ची नाही: १ − बायनॉम.डिस्ट(४, २०, ०.१, ट्रू). इथे ५ लिहिलं तर १.१% येईल आणि कंपनीवर नाहक अन्याय होईल.

शक्यतेच्या जागी ९० टाकलं तर एरर येते, ती बरी, लगेच कळते. ०.९ च्या जागी चुकून ०.०९ पडलं तर एरर येत नाही, उत्तर जवळपास १ येतं आणि दावा सहीसलामत सुटतो. आकडा भरल्यावर नमुना × शक्यता हा गुणाकार डोळ्यांखालून घाला: १८ दिसायला हवेत.

सीमा आधीच काढून ठेवायची असेल तर बायनॉम.इन्व्ह(२०, ०.९, ०.०५). उत्तर १६ येतं. सगळे इथे ‘१६ किंवा कमी आले तर फेटाळा’ असं वाचतात. ते चूक. हे फंक्शन बेरीज ५% ला पोहोचते किंवा ओलांडते तो पहिला आकडा देतं, आणि १६ पर्यंतची बेरीज १३.३% आहे. फेटाळायची सीमा त्याच्या एक खाली, म्हणजे १५.

शंकासुर

ठीक, ४.३% मान्य. म्हणजे दावा खरा असण्याची शक्यता ४.३% आणि खोटा असण्याची ९५.७%. मीटिंगमध्ये हेच सांगायचं ना?

पुणेरी_चष्मा

अजिबात नाही. ४.३% ही ‘दावा खरा असेल तर असा निकाल येण्याची’ शक्यता. ‘असा निकाल आला असताना दावा खरा असण्याची’ शक्यता वेगळी, आणि ती काढायला आधी तुमचा दाव्यावर किती भरवसा होता हे सांगावं लागतं.

उदाहरण घ्या. समजा दोनच पर्याय आहेत: खरं समाधान ९०% किंवा ७५%. नेमके १५ निघण्याची शक्यता पहिल्यात ०.०३१९, दुसऱ्यात ०.२०२३. म्हणजे हा निकाल ७५% च्या बाजूने सहापट झुकतो. (नमुनेदार म्हणाले तो दोन दाव्यांचा खेळ हाच.) पण कंपनीचं नाव चांगलं म्हणून आधी तुम्ही ८०% भरवसा ठेवून होता असं धरा. ०.८ × ०.०३१९ = ०.०२५५ आणि ०.२ × ०.२०२३ = ०.०४०५. पहिल्याचा वाटा ३९%. कुठे ४.३ आणि कुठे ३९!

मीटिंगमध्ये सांगायचं वाक्य: ‘कंपनीचा दावा खरा असता तर इतका किंवा याहून वाईट निकाल साधारण तेवीसात एकदा आला असता.’ एवढंच. त्यापुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

तिरकी_रेघ

नॉर्मलचा मुद्दा मान्य. पण मग विश्वास अंतराल (खरं समाधान ज्या दोन मर्यादांच्या मध्ये असावं ती पट्टी) काढून बघितलं. क्लॉपर-पिअर्सनच्या नेमक्या पद्धतीने १५/२० चं ९५% अंतराल ५०.९% ते ९१.३% येतं. ९०% त्याच्या आत आहे! म्हणजे दावा शाबूत. तुमची चाचणी म्हणते फेटाळा, अंतराल म्हणतं राहू द्या. कोणाचं ऐकायचं?

नमुनेदार

दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. ते अंतराल दोन बाजूंचं आहे, प्रत्येक शेपटीला अडीच टक्के. आपली चाचणी एका बाजूची, सगळे ५% खालच्या शेपटीला. एका बाजूची वरची मर्यादा काढली तर ती ८९.६% येते, ९० च्या किंचित खाली. विसंगती संपली.

एक बाजू घ्यायची की दोन? समाधान ९०% पेक्षा जास्त निघालं तर कमिटीची तक्रार असणार आहे का? नाही. मग एक बाजू रास्त आहे. मात्र हे आकडे बघण्याआधी ठरवायचं. दोन बाजूंनी जमलं नाही म्हणून एका बाजूवर उडी मारणं ही लबाडी, आणि ती फार चालते.

विल्सनच्या पद्धतीने अंतराल काढलंत तर ५३.१% ते ८८.८% येईल आणि ९०% बाहेर पडेल. घाबरू नका. क्लॉपर-पिअर्सन सावध आहे, अंतराल गरजेपेक्षा थोडं रुंद ठेवतं. नमुना लहान असला की पद्धतींत असा फरक पडणारच. मला यातून दिसतं ते वेगळंच: ५१ ते ९१! वीस फोनांवर खरं समाधान निम्म्यापासून नव्वदच्या पुढेपर्यंत कुठेही असू शकतं, आणि तुमचे दोन तट पहिल्या दशांश स्थळावरून भांडताहेत.

घोडबंदर

आकडेमोड फक्कड चाललीय, पण मुळात फोन कोणाला केले ते कोणी विचारलंच नाही. वजाबाकी, तीन गोष्टी सांगा: यादीत एकूण किती सोसायट्या, किती फोन लावले तेव्हा २० मिळाले, आणि नेमका प्रश्न काय विचारला?

वजाबाकी

यादीत ६० सोसायट्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार चालू करारांची हीच पूर्ण यादी. यादीतून चिठ्ठ्या टाकून ३२ निवडल्या, १२ ठिकाणी फोन उचलला गेला नाही किंवा ‘नंतर बोलू’ झालं. प्रश्न: ‘तुम्ही कंपनीच्या सेवेवर समाधानी आहात का?’ हो किंवा नाही.

उभा_आडवा

मग हे द्विपद नाहीच!

द्विपदमध्ये प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते असं धरलेलं असतं. ६० च्या यादीतून एकदा फोन केलेली सोसायटी परत येत नाही. दावा खरा तर यादीत असमाधानी ६ च आहेत. पाच सापडल्या तर एकच उरते. इथे हायपरजिओमेट्रिक वितरण (काढलेली चिठ्ठी परत न टाकता केलेला हिशोब) लागतं. ढोबळ नियम: नमुना एकूण संख्येच्या १०% च्या आत असेल तर द्विपद चालतं. इथे तो ३३% आहे.

हायपजिओम.डिस्ट(४, २०, ६, ६०, ट्रू): पहिला आकडा सापडलेले असमाधानी, मग नमुना, मग यादीतले एकूण असमाधानी, मग यादी. उत्तर १ मधून वजा केलं की ०.०१३२. म्हणजे ४.३% नव्हे, १.३%. (तिरकी_रेघ यांच्या झेडचं उत्तरही १.३% होतं, तो निव्वळ योगायोग. त्यावरून झेडचा कैवार घेऊ नका.)

घोडबंदर

थांबा, इतक्यात कंपनीला सुळावर चढवू नका. न उचललेल्या १२ फोनांचं काय? फोन उचलणाऱ्यांत वैतागलेले जास्त असू शकतात, कारण त्यांना बोलायचं असतं. किंवा उलटही. कोणतं ते आकड्यांतून कळत नाही, त्यामुळे दोन्ही टोकं तपासायची.

१२ च्या १२ समाधानी धरल्या तर ३२ पैकी ५ असमाधानी. द्विपदने ‘५ किंवा जास्त’ची शक्यता २१%, ६० च्या यादीचा नेमका हिशोब केला तर १३%. दोन्ही ५% च्या पुष्कळ वर, दावा टिकला. आणि १२ पैकी फक्त दोन असमाधानी निघाल्या तर एकूण सात होतात आणि यादीतला दावा गणिताशिवायच पडतो, कारण ६० चे १०% सहाच. सगळा निकाल त्या १२ फोनांवर टांगलेला आहे. आपण इथे दशांश स्थळं घासत बसलोय.

म्हणून माझं मत: पुन्हा फोन करा. वेगळ्या दिवशी, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, सेक्रेटरी नाही मिळाले तर चेअरमन किंवा खजिनदार. सोसायटी बदलू नका, माणूस बदला. ‘हे उचलत नाहीत, चला यादीतली पुढची घेऊ’ केलंत की चिठ्ठ्या टाकल्याचा काही उपयोग राहिला नाही.

आता प्रश्नाबद्दल. ‘समाधानी आहात का’ला लोक भिडेखातर हो म्हणतात. शिवाय कॉम्प्रिहेन्सिव्ह करारवाला आणि नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्हवाला यांचं समाधान एकाच मापाचं नसतं. दुसऱ्याला वायर रोप, डोअर सेन्सर, कंट्रोलर कार्ड यांचं बिल वेगळं येतं, आणि तो बिलावर रागावलेला असतो, मेकॅनिकवर नाही. त्यापेक्षा मोजता येईल असं विचारा: गेल्या बारा महिन्यांत लिफ्ट बंद पडल्याची शेवटची तक्रार केलीत तेव्हा माणूस करारात लिहिलेल्या वेळेत आला का? तोच बिघाड महिन्याभरात परत झाला का? दर महिन्याच्या सर्व्हिसिंगची नोंद लॉगबुकात आहे का? आणि करार कुठला ते उत्तरासोबत लिहून ठेवा.

मात्र याने दावा बदलतो हे ध्यानात ठेवा. ‘वेळेत आला’ची टक्केवारी कंपनीच्या ‘समाधानी’ ९०% शी भिडवता येणार नाही. जुना प्रश्न दाव्यासाठी ठेवा, नवे तुमच्या निर्णयासाठी.

शंकासुर

पण कॉम्प्रिहेन्सिव्हवाल्यांचं समाधान ९५% आणि दुसऱ्यांचं ८०% असेल, तर प्रत्येकाची शक्यता एकच ही द्विपदची अटच मोडली की!

उभा_आडवा

नाही मोडत, आणि हा गैरसमज चांगल्या चांगल्यांचा असतो. चिठ्ठी टाकून सोसायटी निवडली की ‘निवडलेली असमाधानी निघण्याची’ शक्यता सगळ्यांच्या मिश्रणाची असते, आणि ती प्रत्येक चिठ्ठीला सारखीच. अट मोडते ती निवड चिठ्ठीने झाली नाही तर, किंवा उत्तरं एकमेकांना चिकटलेली असतील तर.

चिकटलेली म्हणजे कशी? लिफ्टवाल्यांकडे मेकॅनिक विभागवार असतात. एका भागातला मेकॅनिक सोडून गेला की तिथल्या सगळ्याच सोसायट्या एकदम बोंबलतात. वेळ वाचवायला कोणी चार भाग निवडून प्रत्येकात पाच फोन केले, तर ते २० स्वतंत्र फोन नसतात. हिशोब असा: १ + (गटातली संख्या − १) × गटातला सहसंबंध. सहसंबंध ०.२ धरला तर १ + ४ × ०.२ = १.८. वीस भागिले १.८, म्हणजे जेमतेम ११ फोनांइतकी माहिती. वजाबाकींनी पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकल्या हे बरं केलं. तरी ते पाच असमाधानी पत्ते एकदा नकाशावर बघाच. एकाच भागात असतील आणि तुमची सोसायटी त्या भागात नसेल, तर तुमच्यासाठी त्याचा अर्थ वेगळा.

तिरकी_रेघ

वाचनखूण साठवली. एक सुचवतो: निकाल काठावर आहे तर अजून २० फोन करा आणि ४० वर पुन्हा तीच चाचणी लावा. सोपं.

पुणेरी_चष्मा

सोपं आहे पण ५% चे ५% राहत नाहीत. (६० च्या यादीचं बाजूला ठेवा, मोठ्या ग्राहकसंख्येचं बोलतोय.) २० वर एकदा बघितलं, फेटाळलं गेलं नाही म्हणून ४० वर पुन्हा बघितलं: २० वर सीमा ५ असमाधानी, ४० वर ८. एकेकटी घेतली तर चूक ४.३% आणि ४.२%. पण दोनदा संधी घेतलीत तर खऱ्या दाव्याला खोटं ठरवण्याची शक्यता ६.७% होते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बघाल तशी वाढतच जाते. ‘हवा तो निकाल येईपर्यंत फोन’ हा प्रकार दोन्ही बाजूंनी चालतो, कंपन्यांच्या सर्वेक्षणांतही. किती फोन ते आधी लिहून ठेवा.

आणि किती ते असं ठरवा. फक्त ‘निर्दोष अडकू नये’ एवढंच बघून चालत नाही, ‘दोषी सापडावा’ हेही बघायला लागतं. खरं समाधान ८०% च असेल तर दावा पकडला जाण्याची शक्यता:

नमुना २०, सीमा ५ असमाधानी: ३७%
नमुना ५०, सीमा १० असमाधानी: ५६%
नमुना १००, सीमा १६ असमाधानी: ८७%

म्हणजे ९० सांगून ८० देणारी कंपनी वीस फोनांतून तीनात जवळजवळ दोनदा सुटते. वीस फोनांवर दावा ‘पास’ झाला म्हणून तो खरा ठरला असं म्हणणाऱ्याला हा तक्ता दाखवा. ५० ला सीमा १० का, ९ का नाही? कारण ९ ला चूक ५.८% होते, १० ला एकदम २.५% वर उतरते. पूर्णांकांचा खेळ आहे, मधलं काही मिळत नाही.

मापात_पाप

गणितात मी पडत नाही, जाहिरातीच्या बाजूचं थोडं. ‘९०% समाधानी’ हे मत नव्हे, वस्तुस्थितीचा दावा आहे, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. त्याखालच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत होऊ शकतो. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था अ‍ॅस्की मुंबईतच आहे. तिच्या संहितेप्रमाणे दाव्याला सर्वेक्षणाचा आधार सांगितला असेल तर त्याचा स्रोत आणि तारीख जाहिरातीत द्यावी लागते.

वीस फोनांच्या जोरावर तक्रार ठोका असं मी म्हणणार नाही. कंपनीला एक साधं पत्र लिहा: हा आकडा कोणत्या महिन्यातला, किती सोसायट्यांना विचारलं, किती जणांनी उत्तर दिलं, प्रश्न काय होता आणि ‘समाधानी’त काय काय मोजलं? पाचपैकी ३ गुण देणारा समाधानी धरला का? ४ आणि ५ दोन्ही धरले का? करार संपवून गेलेल्या सोसायट्या त्यात होत्या का? माझ्या मते खरी मेख शेवटच्या प्रश्नात आहे. जे असमाधानी होते ते सोडून गेले, आणि उरलेल्यांची टक्केवारी छापली.

घोडबंदर

+१. चालू करारांच्या यादीतही ५ असमाधानी निघाल्या, हे त्यामुळे जास्त वजनाचं. यादी कंपनीच्या बाजूला झुकलेली असताना निकाल विरुद्ध गेला तर झुकावाचं कारण पुढे करता येत नाही. उलट, त्याच यादीतून २० पैकी १९ समाधानी निघाल्या असत्या तर त्याला मी फार किंमत दिली नसती.

वजाबाकी

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: त्या १२ जणांना दुसऱ्यांदा फोन, आणि कंपनीला मापात_पाप यांचं पत्र. सीमा आधीच लिहून ठेवतोय: ३२ पैकी एकूण ७ असमाधानी झाल्या तर दावा पडला, ५ वर राहिल्या तर ‘सिद्ध झालं नाही’. ६ झाल्या तर?

आणि एक. कोटेशन दिलेल्या दुसऱ्या कंपनीने १२ सोसायट्यांची नावं दिली, बाराही समाधानी. तिचाही दावा ९०% चाच. एक सभासद म्हणतो, १२ पैकी १२, आणखी काय पाहिजे?

उभा_आडवा

६ चं उत्तर: ६० पैकी ६ असमाधानी असतील तर त्या सहाच्या सहा तुमच्या ३२ मध्ये सापडण्याची शक्यता १.८%. सीमेच्या आत, फेटाळता येईल. पण तिथवर आलात तर उरलेल्या २८ सोसायट्यांनाही फोन करून टाका. आणखी एक असमाधानी सापडली की शक्यतांचा प्रश्नच मिटला, नुसती मोजणी उरते.

रकाना

बारा पैकी बाराचं: ०.९ चा बारावा घात ०.२८. म्हणजे समाधान जेमतेम ९०% असतानाही बारापैकी बारा समाधानी साधारण साडेतीन वेळांत एकदा येतात. समाधान ८०% असलं तरी ०.८ चा बारावा घात ०.०६९, चौदा-पंधरा वेळांत एकदा. ‘९०% पेक्षा जास्त’ असं ९५% खात्रीने म्हणायला एकही असमाधानी न निघता सलग २९ लागतात: ०.९ चा अठ्ठाविसावा घात ०.०५२, एकोणतिसावा ०.०४७. दावा ९५% चा असेल तर सलग ५९.

आणि हे सगळं नावं चिठ्ठीने निघाली असतील तर. ती बारा नावं कंपनीने स्वतः निवडून दिलीत. त्यांच्यावर कुठलंच फंक्शन चालवू नका, त्यांच्याकडूनही आधी पूर्ण यादी मागवा.